काळ्या मातीवर पिकलबॉलचं कोर्ट बांधताना

आमच्या लेआउटमधलं पहिलं पिकलबॉल कोर्ट दुसऱ्याच पावसाळ्यात फुटलं. पिकलबॉल म्हणजे छोट्या पॅडलने प्लास्टिकचा चेंडू नेटवरून मारायचा खेळ. ऑगस्टची सकाळ होती, रात्रभर पडून पाऊस नुकताच उघडला होता. पॅडल घेऊन गेले तर नेटच्या खांबापासून बेसलाइनपर्यंत, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत, तिरपी भेग गेलेली. रुपयाचं नाणं उभं धरलं तर आत जाईल एवढी रुंद, आणि तिची एक बाजू दुसरीपेक्षा पाव इंच वर आलेली. वरचा निळा रंग मात्र अजून नव्यासारखा चमकत होता.

त्या कोर्टासाठी ३६ घरांनी वर्गणी दिली होती. ठेकेदाराने काळ्या मातीवर चार इंच मुरूम पसरला, त्यावर गिट्टी, त्यावर काँक्रीट टाकलं आणि उरलेला सगळा पैसा रंगात घातला. मी रोज तिथून येत-जात होते. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून काढली, कालव्याच्या अस्तराचे किती छेद हाताने काढले त्याची गणती नाही. फुगणाऱ्या मातीवर अस्तर थेट टाकत नाहीत, मध्ये न फुगणाऱ्या मातीचा जाड थर देतात. खात्यात त्याला सगळे सीएनएस म्हणायचे. हे माहीत असून मी एक शब्द विचारला नाही, कारण खेळाच्या मैदानाचा आणि कालव्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. संबंध अगदी सरळ आहे. दोन्हीकडे पातळ काँक्रीटची लांबरुंद चादर मातीवर अंथरलेली असते आणि तिच्यावर दाबून धरणारं वजन नसतं. घराच्या भिंती पायाला दाबून तरी ठेवतात, कोर्टावर तर चार माणसं आणि एक प्लास्टिकचा चेंडू.

दुसरं कोर्ट आम्ही त्याच मैदानात बांधलं, तेव्हा मी टेप आणि वही घेऊन स्वतः उभी राहिले. त्याने आता तीन पावसाळे काढले, भेग नाही. बेसा रोडच्या बाजूला, मनीषनगरच्या पुढे, किंवा नागपुरात जिथे म्हणून उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात, तिथे कोणी कोर्ट बांधायचं मनात आणत असेल तर त्यांनी पुढचं वाचून मगच ठेकेदाराला बोलवावं.

जागा आणि दिशा

पिकलबॉलचं कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब असतं. बॅडमिंटनच्या डबल्सचं कोर्ट नेमकं एवढंच. हा योगायोग नाही. १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच सुरू झाला. त्यामुळे तुमच्याकडे बॅडमिंटनचं जुनं सिमेंटचं कोर्ट असेल आणि ते धड असेल, तर आधी त्याच्यावरच खेळून पाहा. एक काळजी मात्र घ्या. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलचं किचन सात फुटांचं. किचन म्हणजे नेटजवळचा पट्टा, त्यात उभं राहून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. आमची मुलं वर्षभर जुन्याच रेषेला किचन मानून खेळली. मग दुसऱ्या कोर्टावर सामन्याला गेली, तर प्रत्येकाचा पाय अर्धा फूट आत.

खेळायला लागणारी जागा मात्र कोर्टापेक्षा मोठी. सगळं मिळून ३० बाय ६० फूट ही कमीत कमी. ३४ बाय ६४ मिळाली तर घ्याच, म्हणजे बेसलाइनच्या मागे दहा-दहा फूट आणि बाजूंना सात-सात फूट राहतात. मागे जागा कमी असली की माणूस उलटा धावत जाळीवर आदळतो. आमच्याकडे खेळणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे आहेत, म्हणून इथे मी तडजोड केली नाही. प्लॉट तेवढा नसेल तर मी सरळ सांगीन, कोर्ट बांधू नका, तिथे बाकं टाका.

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची. लोक खेळतात सकाळी आणि संध्याकाळी, आणि पूर्व-पश्चिम कोर्टावर दर वेळी एका बाजूच्या दोघांच्या डोळ्यांत सूर्य. कंपासवर माझा विश्वास आहे, पण लोखंडी कुंपणाजवळ तो हलतो. म्हणून आम्ही काठी रोवली. पाच फुटांची सरळ काठी ओळंब्यात उभी करायची, सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकाला खूण करायची आणि काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. दुपारी सावली पुन्हा लांब होत त्या वर्तुळाला टेकली की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधून काठीकडे येणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावं, तेव्हा सावली लांब आणि स्पष्ट पडते. मे महिन्यात करू नका, २६ मेच्या आसपास तर नागपुरात भर दुपारी काठीला सावलीच नसते.

आणखी तीन गोष्टी जागेवर उभं राहूनच पाहायच्या. पंधरा-वीस फुटांच्या आत पिंपळ, वड किंवा मोठा गुलमोहर नको. झाड तोडायचं नाही, कोर्ट सरकवायचं. जवळच्या घराची खिडकी किती दूर आहे ते मोजायचं, कारण पॅडलवर चेंडू लागल्याचा टॉक-टॉक आवाज कडक असतो आणि तासन्‌तास चालतो. आमचं पहिलं कोर्ट एका बेडरूमपासून पंचवीस फुटांवर होतं. आम्ही नवं कोर्ट त्याच मैदानात पलीकडे सरकवलं, आता साठ फूट आहे, आणि दुपारी एक ते साडेपाच खेळ बंद. हे बांधायच्या आधी शेजाऱ्यांच्या घरी बसून ठरवलं, चहा पिऊन. तिसरं, जमीन कोणाची आहे. लेआउटमधली मोकळी जागा बहुतेक वेळा सोसायटीच्या मालकीची नसते, ती सुधार प्रन्यास किंवा महापालिकेच्या ताब्यात असते. नकाशा काढून पाहा, लेखी परवानगी घ्या, मगच वर्गणीची वही उघडा.

मातीची परीक्षा

नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या कडेवर बसलं आहे. त्यामुळे इथे एकाच रस्त्यावर एका प्लॉटमध्ये दोन फुटांवर कडक मुरूम लागतो आणि समोरच्या प्लॉटमध्ये सहा फूट काळी माती निघते. शेजाऱ्याच्या घराचा पाया किती खोल गेला हे विचारणं उपयोगाचं, पण पुरेसं नाही. कोर्टाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच खड्डे घ्या, प्रत्येक चार फूट खोल. प्रत्येक खड्ड्यातली माती दर फुटाला वेगळ्या पिशवीत भरून वर चिठ्ठी लावा.

काळी माती फुगते म्हणजे किती फुगते, हे घरच्या ओट्यावर कळतं. मी १०० मिलिलिटरचे दोन मोजपात्र विकत आणले, काचेचे. माती वाळवली, खलबत्त्यात हलक्या हाताने फोडली, बारीक चाळणीने चाळली. प्रत्येक पात्रात दहा-दहा ग्रॅम. एकात पाणी भरलं, दुसऱ्यात रॉकेल. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे घालवले आणि चोवीस तास ठेवलं. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, म्हणून ते पात्र आपलं माप. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती ११ वर बसली होती आणि पाण्यातली १९ वर. फरक ८, तो ११ ने भागून शंभराने गुणला, ७३ टक्के आले. दोन पात्रं शेजारी ठेवून मी सोसायटीच्या बैठकीत टेबलावर मांडली. त्याआधी 'इतकं खोदायचं कशाला' म्हणणारे चार-पाच जण होते. पात्रं पाहिल्यावर कोणी बोललं नाही.

हा आकडा पन्नासच्या वर गेला तर ती माती रस्त्याच्या भरावातसुद्धा वापरत नाहीत. तुमचा आकडा तीस-चाळीस आला तर थोडक्यात सुटाल. पण घरच्या प्रयोगावर शेवटचा निर्णय घेऊ नका, माती प्रयोगशाळेत पाठवा. तिचा खर्च एका टिप्पर मुरमाएवढाही आला नाही.

खोदाई आणि मुरूम

आम्ही दोन फूट खोदलं. कोर्टाची चादर ३४ बाय ६४ असली तरी खोदाई प्रत्येक बाजूला तीन फूट जास्त, म्हणजे ४० बाय ७०. हा जास्तीचा पट्टा ठेकेदार आधी कापतात, आणि तोच सर्वात महत्त्वाचा. काळी माती मधून नाही, कडेने मारते. उन्हाळ्यात कडेची माती सुकून आकसते, पावसाळ्यात कडेनेच पाणी शिरून फुगते, आणि मधली वर्षभर जवळपास तशीच राहते. कडा वर-खाली होतात, मधला भाग जागेवर, मग काँक्रीट मोडणारच. आमची पहिली भेग जिथून सुरू झाली तिथे बाहेर हिरवळीला रोज पाइपने पाणी मारत होते.

४० गुणिले ७० गुणिले २, म्हणजे ५६ ब्रास माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). खोदल्यावर ती फुलते, सत्तर ब्रासच्या घरात जाते. ती कुठे टाकायची हे आधी ठरवा. आमची निम्मी लोकांनी बागेसाठी नेली, बाकी वर्धा रोडकडच्या एका शेतकऱ्याने. खोदताना मिस्त्रीभाऊ दोनदा येऊन म्हणाले, "काकू, एवढं काहून खोदून राहिले? खेळाचंच तं आहे." मी त्यांना जुन्या कोर्टाचा तुकडा दाखवला. त्याखाली चिकटलेली माती अजून ओली होती, भर डिसेंबरमध्ये.

खड्ड्याचा तळ सपाट ठेवायचा नाही. कोर्टाला जो उतार द्यायचा तोच उतार तळालाही द्यायचा, नाहीतर खाली तळं साचतं. तळ रोलरने दाबला, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं, म्हणजे वरचा मुरूम मातीत बुडत नाही आणि माती वर येत नाही. अनेक ठिकाणी काळ्या मातीवर थेट मोठ्या दगडांचं सोलिंग करतात. तसं करू नका. पहिल्या पावसात माती मऊ होते आणि दगड तिच्यात रुततात.

मग मुरूम. मुरूम म्हणून जे येतं ते सगळं मुरूम नसतं. टिप्पर रिकामा करण्याआधी मूठभर घेऊन ओला करून दाबा. हाताला काळपट चिकट लागला तर परत पाठवा, आम्ही दोन गाड्या परत पाठवल्या. नुसता खडा असेल, धरून राहतच नसेल, तरी नको, कारण त्यातून पाणी सरळ खाली काळ्या मातीपर्यंत जाईल. लालसर-पिवळसर, खड्याबरोबर थोडा धरणारा, दाबल्यावर लाडू होणारा आणि टिचकीने फुटणारा मुरूम आपल्याला हवा. तो सहा-सहा इंचांच्या थरांत पसरायचा, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. दोन फूट एकदम भरून वरून रोलर फिरवला तर वरचे सहा इंच दबतात, खालचे तसेच पोकळ राहतात. मी प्रत्येक थरानंतर टोकदार सळई दोन्ही हातांनी दाबून पाहायची, दोन इंचांच्या वर गेली तर पुन्हा रोलर. शेवटचे सहा इंच आम्ही मुरमाऐवजी गिट्टी, चुरी आणि पाणी मिसळून दाबले.

विजेच्या आणि पाण्याच्या पाइपा याच वेळी टाका. दिवे आत्ता लावायचे नसले तरी पाइप आत्ताच.

काँक्रीट, पण आधी कापांचा नकाशा

डांबराचं कोर्टही बांधतात, पण ४६-४७ अंशांच्या उन्हात ते मऊ पडतं. मी नागपुरात काँक्रीटच सांगीन. पाच इंच जाड, एम-२५ ताकदीचं, आत आठ मिलिमीटरची सळई आठ इंचांवर दोन्ही दिशांनी. जाळी खाली पडून राहू नये म्हणून तिच्याखाली कव्हर ब्लॉक ठेवायचे, जाळी मधल्यापेक्षा थोडी वर हवी. खाली जाड प्लास्टिक कागद अंथरायचा, सांध्यावर फूटभर चढवून. तो ओल वर येऊ देत नाही. ओल वर आली की रंगाला फोड येतात.

३४ बाय ६४ बाय पाच इंच म्हणजे नऊ ब्रासच्या आसपास, सुमारे २६ घनमीटर. एका दिवसात, एका दमात. आम्ही रेडीमिक्स, म्हणजे कालवूनच गाडीतून येणारं काँक्रीट, मागवलं, जानेवारीत, सकाळी सातला पहिली गाडी. एप्रिल-मेमध्ये नागपुरात मोठी चादर टाकूच नका. वरचं पाणी वाऱ्याने उडतं आणि दुपारपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

काँक्रीट आकसतं, आणि आकसताना ते कुठेतरी चिरणारच. म्हणून दुसऱ्या दिवशी मशीनने काप घेतात, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढे खोल, म्हणजे सव्वा इंच. चिरेला सांगायचं असतं की इथूनच जा. ठेकेदार काप कुठेही घेतात, दहा-बारा फुटांवर, त्यांच्या सोयीने. मग काप कोर्टाच्या ऐन मधे येतो आणि चेंडू त्यावर पडून वेडा उडतो. मी रात्री जेवणं झाल्यावर आलेखाच्या कागदावर कोर्ट काढलं आणि काप रेषांच्या खाली लपवता येतात का ते पाहिलं. लपवता येतात. ६४ फुटांचे १०, ११, ११, ११, ११, १० असे सहा भाग करा. मधला काप नेटखाली जातो, बाहेरचे दोन बेसलाइनखाली. ३४ फुटांचे ७, १०, १०, ७ करा. मधला काप सेंटर लाइनखाली, कडेचे दोन साइडलाइनखाली. उघडे राहतात ते नेटपासून ११ फुटांवरचे दोन आडवे काप, आणि किचनमधला मधला तुकडा.

यात एक बारीक गोष्ट आहे. कोर्टाची मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत असतात आणि रेषा दोन इंच रुंद. म्हणून काप नेटपासून २२ फुटांवर नाही, २१ फूट ११ इंचांवर घ्यायचा, तरच तो रेषेच्या मधोमध बसतो. साइडलाइनचा तसाच, मध्यापासून ९ फूट ११ इंच. मशीन घेऊन उभ्या असलेल्या पोराला हे पटवायला दहा मिनिटं लागली. दोरीला खडू लावून मी स्वतः रेघा मारल्या, मग त्याने कापलं.

उतार दहा फुटांना एक इंच, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, सलग. ३४ फुटांवर तो साडेतीन इंचांच्या आसपास जातो. नेटपासून दोन्हीकडे उतार देऊ नका, मध्ये उंचवटा नको, पूर्ण चादर एकाच पातळीत कललेली हवी. आडवा उतार असला की दोन्ही संघांना सारखंच कोर्ट मिळतं. लेव्हल पाइपने प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक पाच फुटांवर पट्टीची उंची तपासा. काँक्रीट पडल्यावर तपासून काही उपयोग नाही.

फिनिश झाडूचं, बारीक खरखरीत. बहुतेक मिस्त्री मनापासून गुळगुळीत करतात, त्यात त्यांचं कसब दिसतं, आणि त्यांना थांबवणं मला जड गेलं. पण काचेसारख्या फरशीवर ॲक्रिलिक रंग धरत नाही, आणि पावसात तिथे माणूस घसरतो.

नेटच्या खांबांचे पाये चादरीपासून सुटे ठेवायचे, मध्ये अर्ध्या इंचाचा फोमचा पट्टा. आमचे तीन फूट खोल आहेत. दोन खांबांच्या आतल्या कडांमध्ये २२ फूट. पहिल्या कोर्टात खांब चादरीतच रोवले होते, आणि भेग तिथूनच निघाली.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करायला, छोटे बांध घालून चौदा दिवस पाणी उभं ठेवलं. बांध मुरमाचे केले, काळ्या मातीचे डाग जात नाहीत. क्युरिंगचं केमिकल फवारू देऊ नका, त्याच्यावर रंग बसत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी पाहायची जबाबदारी दोन आजोबांनी घेतली होती आणि एक दिवसही चुकवली नाही.

कडेचं पाणी

चादरीच्या चारही बाजूंना तीन फुटांची पट्टी पेव्हरने झाका, उतार बाहेरच्या बाजूला. तिच्याखाली आपला जास्तीचा मुरूम आहेच. जिकडे कोर्टाचा उतार आहे तिकडे पट्टीच्या पलीकडे उघडी नाली, तिचा उतार लेआउटच्या पावसाळी नालीकडे. जिकडून मैदानाचं पाणी कोर्टाकडे येतं तिकडेही एक चर हवी, गिट्टीने भरलेली, तळाशी भोकांचा पाइप. या पट्ट्यात फुलझाडांचे वाफे करायचे नाहीत. कोणीतरी प्रेमाने मागतंच, आमच्याकडेही मागितलं. नाही म्हणा.

रंग आणि रेषा

काँक्रीट टाकून २८ दिवस होईपर्यंत रंगाचं नाव काढू नका. त्यानंतर दोन परीक्षा. पहिली, दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर ओल अजून आहे, थांबा. दुसरी, पूर्ण कोर्ट पाण्याने भिजवा आणि तासाभराने पाहा. जिथे पाणी उरलं तिथे रुपयाचं नाणं आडवं ठेवा. नाणं बुडालं तर तो खळगा, खडूने घेरून पॅच भरायचा. आमच्या कोर्टावर सात खळगे निघाले, सगळ्यात मोठा परातीएवढा.

रंग फेब्रुवारीच्या मध्यावर केला. पारा दहाच्या खाली असला तर ॲक्रिलिक नीट बसत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या सकाळी तेवढ्या गार असतात. मेमध्ये उलटी गत, ब्रश मागे घेईपर्यंत रंग वाळतो. आधी वाळूमिश्रित तळाचे दोन हात, मग रंगाचे दोन. चेंडू पिवळा-पोपटी असतो, म्हणून पोपटी छटेचं कोर्ट नको. आम्ही आत फिका निळा आणि बाहेर फिका हिरवा घेतला. पहिल्या कोर्टाचा गडद निळा दिसायला देखणा होता, पण एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच पायाला चटका लागायचा.

रेषा आखताना मापं घेऊन भागत नाही, कर्ण तपासावा लागतो. अर्धं कोर्ट २० बाय २२ आहे, त्याचा कर्ण २९ फूट पावणेनऊ इंच. चारही कर्ण सारखे आले पाहिजेत. पूर्ण कोर्टाचा ४८ फूट ४ इंच. आमचा पहिला प्रयत्न पाऊण इंचाने चुकला, कारण टेप मध्ये लोंबत होता. दोघांनी ताणून धरला आणि तिसऱ्याने मधे जमिनीला टेकवला तेव्हा जुळला. नेटपासून सात फुटांवर किचनची रेषा, तिथून पंधरा फुटांवर बेसलाइन, मधून सेंटर लाइन. सेंटर लाइन किचनच्या रेषेवरच थांबते, नेटपर्यंत नेऊ नका.

मास्किंग टेप लावल्यावर लगेच पांढरा मारायचा नाही. टेपच्या कडांवर आधी कोर्टाच्याच रंगाचा एक पातळ हात मारा. टेपखाली जे काही झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं, मग पांढऱ्याची कड सुरीने कापल्यासारखी येते. पांढरा अर्धवट सुकला असतानाच टेप काढा, हळूहळू, अंगाकडे तिरपी ओढत.

कुंपण, दिवे, नेट

टोकांना दहा फूट उंच जाळी, बाजूंना चार फूट पुरते. जाळीवर हिरवं कापड लावणार असाल तर खांब जाड घ्या. मेमधल्या वावटळीत ते कापड शिडासारखं फुगतं आणि हलके खांब वाकतात. दिवे चार खांबांवर, वीस फूट उंच, साइडलाइनच्या बाहेर. बेसलाइनच्या मागे दिवा लावला तर उंच चेंडूकडे पाहताना डोळे दिपतात. कोर्टावर ३०० लक्सच्या आसपास उजेड पुरे.

नेट साइडलाइनवर ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच. मधल्या पट्ट्याखाली हूक बसवायला चादरीत आधीच जागा ठेवा, नंतर ड्रिल मारलं तर प्लास्टिक कागद फुटतो. उन्हाळ्यात नेटची दोरी सैलावते. आम्ही ३४ इंचांची एक लाकडी पट्टी कापून जाळीला टांगून ठेवली आहे, जो पहिला येतो तो तिच्याने नेटची मधली उंची मापतो आणि मग खेळ सुरू होतो.

बांधून झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत कापांमध्ये भरलेला पीयू सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरासारखा भराव, दर ऑक्टोबरमध्ये तपासा. कुठे सुटला असेल तर तेवढाच खरवडून पुन्हा भरा. जूनच्या पहिल्या पावसाआधी नाली साफ करा, पेव्हरच्या फटींत उगवलेलं गवत मुळासकट काढा. मोठा पाऊस पडला की छत्री घेऊन एकदा जाऊन या आणि पाणी कोणत्या बाजूने येतंय, कुठे थांबतंय ते उभं राहून पाहा. आमच्या वायव्य कोपऱ्यात ते पहिल्या वर्षी थांबत होतं. दुसऱ्या दिवशी तिथली दोन फूट चर खोल केली.